अकरा महिन्यांचा करार

गोठिवलीत पतपेढीच्या वर सोळा बाय नऊची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांवर जांभळा फोम,
फोमवर मागच्या लग्नसराईतला हळदीचा एक पंजा.
कुणाचा, आठवत नाही.

मेल आला तेव्हा मी बेंजोची एक तार सुरात ओढत होतो.
‘तुमचा अनुभव आम्ही अधिक सोपा करत आहोत.’
सोपा म्हटलं की मी आधी पाकीट चाचपतो.

पुढचं सगळं ऐकीव.
वाशीचा केबलवाला म्हणतो, एक तारखेपासून विकत मिळणार नाही,
भाड्यानं घ्यायचं, महिन्याच्या महिन्याला.
करडा रंग जाऊन काळा येणार,
फेडर काडीएवढे होणार,
कात्री डावीकडून उजवीकडे, तीही एका मेनूच्या पोटात.
जुनी किल्ली, मागे खुपसलेली ती निळी,
चालेलही. नाही चालली तर चालणार नाही.

माझ्या बोटांना अजून कुणी सांगितलेलं नाही.
अकरा वर्षं ती न बघता कात्रीपाशी जातात,
लाईट गेल्यावर माणूस माठापाशी जातो तशी.

खरं तर मला राग यायला नको.
खोली लीव्ह अँड लायसन्सवर, दरवर्षी दहा टक्के वाढ.
इमारत ‘गरजेपोटी’,
म्हणजे आहे, पण कागदावर नाही.
समोरच्या सेक्टरातले संगमरवरी लोकसुद्धा
साठ वर्षांच्या पट्ट्यावर झोपतात.
हसुरामशेठ भाडं न्यायला आले, त्यांना मेल वाचून दाखवला.
बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले,
“आमच्या बाची खाचरं पार खाडीवरी होती.
तवा ‘मान्य आहे’चं बटन पन नव्हतं.”
आणि पावती फाडली.

माझी भीती एवढीच,
की पोशीबाय आत अडकेल.

तीन तास धवले. दोन हजार चौदा, चैत्र, पंखा बंद करून.
तेव्हा तिचे स्वतःचे दात होते.
आता कवळीत ‘स’ शिट्टी मारतो,
पुन्हा गा म्हणायची सोय नाही.
तिच्या आवाजाभोवती मी एक देऊळ लावलं होतं, घुमणारं,
ते बनवणारी कंपनीच बुडाली.
नवीन दारातून आत गेलो तर लिहून येईल, ‘सापडत नाही.’
काय सापडत नाही, तेही नीट सांगणार नाही.

म्हणून ही रात्र.
एकेक पट्टी साध्या फाइलीत ओततोय,
कुठल्याही डबड्यात वाजेल अशी.
मधेच मोबाइलनं स्क्रीनचे फोटो काढले,
घर पाडायची नोटीस आल्यावर
लोक ओट्याचे, मोरीचे काढतात तसे.

संध्याकाळी फोन केला होता तिला.
म्हटलं, तुमची गाणी नीट ठेवतोय.
“गानं ठेवाचं नस्तं रं, बोलाचं आस्तं,”
म्हणाली, आणि विचारलं, भात खाल्लास का.
तिला कुणी दिली परवानगी? मावससासूनं.
फी काय? एक नारळ, पसाभर तांदूळ,
आणि अट: प्रत्येक घरी नवरीचं नाव बदलायचं.

पावणेतीन. सदतिसावी पट्टी.
लाटांच्या मधोमध एक बारीक शिवण दिसतेय.
आठवलं. इथे ती चुकली होती,
आदल्या दिवशीच्या, रबाळ्याच्या नवरीचं नाव घेतलं होतं,
मग स्वतःशीच हसली होती.
मी ते कापून सांधा इतका बेमालूम केला
की मलाच शाबासकी द्यावीशी वाटलेली.

बोटं डावीकडे गेली. कात्री जिथल्या तिथे.
सांधा सोडवला, दोन्ही टोकं मागे ओढली.
आतून निर्गुणा आली,
हळद दुसऱ्याच अंगणातली,
मागून ते हसू, जरा लांबलेलं.
राहू दे.

खाली पतपेढीचा वॉचमन खोकला.
एकसष्ट टक्के.
चहा करावा तर दूध संपलंय.